बुर्किना फासोची पाटी

मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणजे लुटुपुटीचं संयुक्त राष्ट्र. शाळेतली मुलं एकेका देशाची पाटी पुढ्यात ठेवून बसतात, त्या देशाच्या वतीनं भांडतात आणि शेवटी ठराव मांडतात. ‘मला वाटतं’ म्हणायची सोय नाही. ‘बुर्किना फासोच्या प्रतिनिधीला वाटतं’ असं म्हणायचं.

सगळ्यांना पाटी हवी असते अमेरिकेची. बुर्किना फासो आला की पोराचं तोंड उतरतं, आईबापांचं त्याहून जास्त. मी म्हणतो, खानदेशातल्या पोराला याहून चांगली पाटी मिळणार नाही. २००३ साली बेनिन, चाड, माली आणि बुर्किना फासो या आफ्रिकेतल्या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली : श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देतात, त्यानं जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. हे गाऱ्हाणं समजायला धरणगाव-चोपड्याच्या पोराला इंटरनेट कशाला हवं? ‘कापूसना भाव काय शे?’ हा प्रश्न त्यानं ओट्यावर बसून ऐकलेला असतो. पुढं याच चौघांच्या पुढाकारानं २०१९ पासून ७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन झाला. आणखी एक गंमत. बुर्किना फासोनं २००८ मध्ये बीटी कापूस घेतला आणि काही वर्षांतच सोडला, कारण धाग्याची लांबी घटली. ही गोष्ट आपल्या जिनिंगवाल्याला सांगा, तो लगेच मान डोलावेल.

जगाची चर्चा इथल्या मातीला नवी नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. नंदलाल बोस यांनी सजवलेल्या त्या नगरीत अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनमधल्या यादवीबद्दल बोलले. समोरच्या गर्दीत जगाचा नकाशा पाहिलेले किती असतील?

आता खटकणारी बाजू. हा खेळ बहुधा इंग्रजीत चालतो, कोट-टाय लागतो, फी भरावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, त्यांत हिंदीही नाही. पण आपल्या शाळेच्या सभागृहाला ती सक्ती कुणी केली? एक समिती मराठीत घ्या. एक अहिराणीतही घ्या, भांडायला ती झकास भाषा आहे.

आणि आयोजकांना माझी एक आगळी सूचना. कापसाच्या समितीत अमेरिकेची पाटी कापूसवाल्याच्याच मुलीला द्या. टेक्सासच्या शेतकऱ्याला अनुदान का हवं, हे तिला दोन दिवस पटवून द्यावं लागेल. तिकडेही कर्ज आहे, तिकडेही गारपीट आहे, हे तिला शोधावं लागेल. बापाला मात्र मागच्या खुर्चीवर बसवा, आणि संध्याकाळी घरी जाताना मोटरसायकलवर दोघांचं काय बोलणं होतं, ते मला येऊन सांगा.