कांस्यावरील सम्राज्ञी

प्राचीन रोमच्या सोन्यारुप्याच्या नाण्यांची कीर्ती मोठी असली, तरी बाजारात धान्य आणि तेल विकत घेणाऱ्या सामान्य रयतेच्या हाती रोज जे चलन खेळत असे, ते तांब्यापितळेचे व कांस्याचे. आणि त्यातही सेस्टर्शियस नावाचे, सव्वा इंचाहून अधिक रुंदीचे जे नाणे टांकसाळीतून बाहेर पडे, त्याच्या प्रशस्त पृष्ठावर मुद्रा कोरणाऱ्या कारागिराला अनेक आकृतींचे चित्रही उमटविता येई. राजघराण्यातील स्त्रिया देवतारूपाने घरोघर पोहोचल्या, त्या मुख्यतः या नाण्यांवरून.

सम्राट कॅलिग्युला इ. स. ३७ मध्ये गादीवर आल्यानंतर लवकरच जारी झालेले एक सेस्टर्शियस घ्या. दर्शनी बाजूस सम्राटाचे मुख आणि मागे त्याच्या तिघी बहिणी नावानिशी उभ्या: स्तंभाला रेललेली अ‍ॅग्रिपिना ही सुरक्षिततेची देवता, पूजापात्र धरलेली ड्रुसिला ही ऐक्याची देवता, सुकाणू हाती घेतलेली ज्यूलिया ही भाग्यदेवता, आणि तिघींपाशीही समृद्धीचे शृंग. रचना मोठी मनोहर आहे. परंतु ३८ साली ड्रुसिला वारली आणि पुढच्याच वर्षी, कटाचा ठपका ठेवून, उरलेल्या दोघींना त्याच भावाने हद्दपार केले. म्हणून या नाण्यांत त्या स्त्रियांचे सामर्थ्य शोधू नये, असे माझे मत आहे. राज्यसत्तेला त्यांच्याकडून काय हवे होते, एवढेच त्यांत निःसंशय वाचता येते.

काय हवे होते, ते पुढच्या शतकातील सम्राट मार्कस ऑरेलियसची पत्नी धाकटी फाउस्टिना हिच्या मुद्रांवर लख्ख दिसते. एका बाजूस लाटांसारखे विंचरलेले केस मागे अंबाड्यात बांधलेला तिचा रेखीव चेहरा, आणि उलट बाजूस कधी जूनो, कधी व्हीनस, कधी कडेवर व पायांशी मुले घेतलेली प्रसवशक्तीची देवता. बाराहून अधिक वेळा माता झालेल्या आणि त्यांतील कित्येक अपत्ये बालपणीच गमावलेल्या या स्त्रीचे दुःख टांकसाळीच्या दप्तरी जमा नव्हते. तिच्या एका सेस्टर्शियसवर सिंहासनावर दोन बालके आहेत आणि भोवती ‘युगाचे सौख्य’ अशा अर्थाची अक्षरे. १६१ साली जन्मलेले कोमोडस व अंटोनिनस हे जुळे ते हेच, असे सामान्यतः मानतात. अंटोनिनस चारेक वर्षांचा होऊन वारला. कोमोडस बापामागून गादीवर बसला आणि १९२ साली त्याचा खून झाला.