आकड्यांतील धरण

बंगळूरच्या इंदिरानगरात पावसाची एखादी जोराची सर येऊन गेली, म्हणजे शंभर फुटी रस्त्याच्या कडेने गढूळ पाणी धावू लागते. दुकानदार पायरीवर उभे राहून ते पाहतात आणि रस्ता कोरडा झाला की पाऊस विसरला जातो. तथापि ते पाणी नाहीसे झालेले नसते. ज्यांना तेथे ‘राजकालुवे’ म्हणतात, त्या मोठ्या नाल्यांतून ते उताराने बेळ्ळंदूर तलावाची वाट धरीत असते. वरच्या वस्तीत विसरलेला पाऊस खालच्या वस्तीत कोणाच्या तरी उंबरठ्यावर पोहोचायचा असतो. तो केव्हा पोहोचेल, किती चढेल, हे आधी कसे कळावे? प्रयोग म्हणून शहरावर पूर सोडून पाहता येत नाही.

स्थापत्यशास्त्राची ही जुनीच अडचण आहे. वैद्याला औषध बदलून पाहता येते. धरण बांधणाऱ्याला धरण फोडून पाहता येत नाही. यावरचा एक उपाय म्हणजे लहान प्रतिकृती. 1916 साली सुरू झालेल्या आणि आज पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत नद्या आणि बंदरे यांच्या अशा प्रतिकृती करून पाण्याचे वागणे अभ्यासले जाते. दुसरा उपाय आकड्यांचा. एखाद्या बांधकामाचे मनाने शेकडो लहान तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकडा किती जोराने किती वाकेल याचे समीकरण मांडावयाचे. आणि शेजारचे तुकडे एकमेकांपासून सुटता कामा नयेत, ही अट घालून ती सारी समीकरणे एकदम सोडवावयाची. हाताने हे काम आयुष्यभर संपणार नाही. संगणक ते करतो. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाचे प्राध्यापक रे क्लफ यांनी 1960 साली या रीतीला ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धती हे नाव दिले.

परंतु कागदावर उत्तर येणे वेगळे आणि ते उत्तर खरे असणे वेगळे. या रीतीची एक मोठी परीक्षा झाली ती महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कुशीत.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर झोपेत असतानाच भूकंप झाला. घरे कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. दख्खनचे पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजले जात असे. 103 मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, पाणी अडून राहिले; पण त्याच्या उंच भागांवर, पुढच्या बाजूचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास, दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या आतील मार्गिकेत बसवलेल्या यंत्राने त्या पहाटेच्या हादऱ्यांची नोंद करून ठेवली होती. इतक्या दुःखातून हाती आलेली ही नोंद अनमोल होती.

धरण बांधताना भूकंपाचा विचार केलाच नव्हता असे नाही. तेव्हाच्या प्रघाताप्रमाणे धरणाच्या वजनाच्या 5 टक्के इतका आडवा जोर धरला होता, आणि तोही पायापासून माथ्यापर्यंत सारखा. त्या हिशेबात धोका कोठेच दिसत नव्हता. मग भेगा पडल्या कशा?

बर्कलीचेच प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी कोयनेची ती नोंद घेतली, धरणाचा छेद तुकड्यातुकड्यांनी संगणकात मांडला आणि ती पहाट आकड्यांत पुन्हा घडवली. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील निष्कर्ष स्पष्ट होता. धरण म्हणजे न हलणारा ठोकळा नव्हे. पाया हादरला की बांबूच्या शेंड्याप्रमाणे त्याचा माथा कितीतरी अधिक झुलतो. काँक्रीट दाब सोसते, ओढ मात्र फारशी सोसत नाही. आणि गणिताने जेथे सर्वांत जास्त ओढ दाखवली, ती जागा उतार बदलण्याच्या पातळीची होती. संगणकाने बोट ठेवले तेथेच कोयनेची भेग होती.

यातून शिकण्यासारखे पुष्कळ होते. माथ्याकडचे अनावश्यक वजन घातक ठरते. मजबूत काँक्रीट पायाइतकेच वरच्या भागातही हवे. कोयनेच्या उंच भागांना पुढे काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. आणि आजही जगात कोणी भेगांचे भाकीत करणारी नवी गणनरीत शोधली, की ती प्रथम कोयनेवर चालवून पाहण्याची चाल आहे. एके काळी परीक्षेला बसलेले धरण आता परीक्षक झाले आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. 5 टक्क्यांचा जुना हिशेब अंकगणितात चुकला नव्हता. चुकले होते ते त्यामागचे गृहीत. संगणक गृहीताला प्रश्न विचारीत नाही. तो प्रश्न माणसानेच विचारावयाचा असतो: ज्याने गणित मांडले त्याने, आणि ज्याने त्या कागदावर मंजुरीची सही करावयाची त्यानेही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राच्या सहकार्याने त्या शहरातील पुराची अशीच आकड्यांची प्रतिकृती तयार केली आहे, आणि पावसाचा व पुराचा इशारा नागरिकांच्या हातातील फोनवर देण्याची सोयही 2020 पासून झाली. तरीही सप्टेंबर 2022 मध्ये बेळ्ळंदूरच्या परिसरात घरांत पाणी शिरलेच. इशारा पाणी अडवीत नाही. नाला मोकळा ठेवणे हे माणसाचेच काम. आणि प्रतिकृतीत वीस फूट रुंद मांडलेला नाला प्रत्यक्षात बांधकामांनी दहा फुटांवर आला असेल, तर गणित बिनचूक असूनही उत्तर खोटे ठरेल. तेव्हा आकड्यांवर विश्वास जरूर ठेवावा. पण टेप घेऊन नाल्याच्या काठावर जाण्याचा कंटाळा करू नये. कोयनेच्या भेगांचे सांगणे याहून फार निराळे नाही.