ताक करताना यशोदा काय गात होती?

मायबाप हो, आज चिंतनाला मोठं तत्त्वज्ञान घेतलेलं नाही, लेकरांच्या खोड्या घेतल्यात. बंकटस्वामी महाराजांच्या या नेकनुरात बसून खोड्यांवर बोलायचं, हे कुणाला हलकं वाटेल. व्यासांना मात्र ते हलकं वाटलं नाही, बरं का.

भागवताच्या दशम स्कंधातला ८ वा अध्याय काढा. गवळणी यशोदेकडं गाऱ्हाणं घेऊन आल्यात. 'तुझा पोरगा अवेळी वासरं सोडतो. दही-दूध चोरतो, माकडांना वाटतो आणि माकडानं खाल्लं नाही तर मडकंच फोडतो. शिंक्याला हात पुरला नाही तर पाटावर उखळ रचतो. काहीच सापडलं नाही तर निजलेली लेकरं रडवून पळून जातो!' आता यशोदेनं काय करावं? ती त्याच्या भेदरलेल्या डोळ्यांकडं बघते आणि तिला हसूच येतं. रागवायचं तिच्या मनातच येत नाही.

पुढं ९ व्या अध्यायात दासी दुसऱ्या कामात आहेत म्हणून यशोदा स्वतः दही घुसळायला बसते. घुसळता घुसळता ती गाते. काय गाते? पोराच्या याच लीला! हात रवीच्या दोरीवर आणि चित्त लेकराच्या खोडीत. योग्याला डोळे मिटून जे साधावं लागतं, ते या माउलीला ताक करताना साधलं. देवाचं स्मरण आणि लेकराची आठवण तिच्यापाशी वेगळी राहिलीच नाही.

आपल्या पंढरीतही असं एक घर होतं. दामाशेटी शिंप्याचं. वडील गावाला गेले, म्हणून गोणाईनं छोट्या नामदेवाच्या हाती नैवेद्याचं ताट दिलं. मोठ्यांना ठाऊक असतं, की देवाला ताट दाखवायचं आणि परत आणायचं. या पोराला ते कुणी सांगितलंच नव्हतं! ते बसलं, देव जेवायची वाट बघत. देव जेवेना, तर म्हणालं, तुझ्या पायावर डोकं फोडून घेतो. शेवटी देव जेवला आणि नामा रिकामं ताट घेऊन घरी आला. आता तुम्हीच सांगा, रिकामं ताट बघून कोणत्या आईला वाटेल की देव जेवला? पोरानंच फस्त केलं असं वाटणार! पण त्या घरानं मुस्काटात मारली नाही. खरं काय ते बघू म्हणून पोराबरोबर राउळात गेले, म्हणून मोठ्यांनाही देव दिसला. पुढं याच नामदेवांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात गेली आणि देवाला दूध पाजल्याची ही आठवण त्यातही आहे.

आता जरा जड गोष्ट सांगतो. कृष्ण मथुरेला गेला. ४६ व्या अध्यायात उद्धव गोकुळात येतो. रात्रभर नंदबाबा पोराच्या गोष्टी सांगतात आणि यशोदा नुसती ऐकते. डोळ्यांतून पाणी, छातीतून पान्हा. गोष्टी त्याच आहेत, पण घरात खोड्या करणारं कुणी नाही.

मायबाप, आपल्या बीड जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता निघतो. नवरा-बायको कारखान्याच्या फडात, कोपीत. लेकरू इथं म्हातारीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. सहा महिने लेकरू वाढतं आणि मायला दिसत नाही.

अशाच एका आजीनं मला सांगितलं. नातवाचा पहिला दात पडला. आजी म्हणाली, उंदराच्या बिळाशी टाक. पोरगं म्हणालं, 'आईनं बघितल्याबिगर उंदराला द्यायचा न्हाई.' दात काड्यापेटीत ठेवला. पहाटे अंधारात चूल पेटवायला आजीनं पेटी उघडली, तर काडीऐवजी हातात दात! पाडव्याच्या सुमाराला माय आली. आजीनं हे सांगितलं तशी ती पोट धरून हसली, मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, 'आत्याबाई, पुन्यांदा सांगा.'

ती आजी नंदबाबांचंच काम करत होती. म्हणून घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना माझी विनंती आहे. लेकरू काय बोललं, कशावर रुसलं, ते ध्यानात ठेवा. फोन आला की पैशापाण्याच्या आधी ते सांगा. फडातल्या मायला दिवसभराची मोळी उचलायला तेवढा आधार होतो. आणि लेकरू मोठं झालं की त्यालाही सांगा, पण चारचौघांत मान खाली जाईल असं नको. आपण लहान असताना कुणाला तरी इतके आवडत होतो, हे ज्याला ठाऊक आहे, ते पोर वाट चुकलं तरी घराकडं वळतं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!