तळपायाची चामखीळ : समज, गैरसमज आणि उपचार

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात धम्माचा विषय सोडून चामखिळीवर कसले भाषण, असे काहींना वाटले असेल. परंतु विनयपिटकातील महावग्गात पायांवर आणि वहाणांवर एक अख्खे प्रकरण आहे. सोण कोळिविस या श्रीमंत घरातल्या भिक्खूचे तळवे चंक्रमण करता करता रक्ताळले. तथागतांनी त्याला वहाणांची मुभा दिली, तर सर्व संघाला मिळेल तरच आपण घेऊ, असे तो म्हणाला. मग ती सर्वांना मिळाली. पुढे विहाराच्या आवारात वहाणा घालू नयेत असा नियम झाला. त्या वेळी एका भिक्खूला पादखील झाले होते. बाकीचे त्याला धरून शौचाला नेत. तथागतांनी हे पाहून विचारपूस केली आणि ज्याचे पाय दुखतात, फुटले आहेत किंवा ज्याला पादखील आहे, त्याला नियमातून सूट दिली. पादखील म्हणजे पायातला खिळा. आपल्या 'चामखीळ' शब्दातही तोच खिळा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांना मात्र अशी सूट कोणी दिली नाही. वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, असा अनेक गावांतला रिवाज होता. अनवाणी राहणे हा आपल्याकडे साधेपणा नव्हता, सक्ती होती. म्हणून पायाच्या दुखण्याला "चालायचंच" म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

आपला मुळशी तालुका भाताचा आणि धो धो पावसाचा. आवणीला दिवस-दिवस खाचरात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तळव्याची कातडी पांढरी पडून मऊ होते. अशा कातडीला बारीक चीर गेली की तिथून चामखिळीचा विषाणू आत शिरतो. पॅपिलोमा हे त्याचे नाव. चामखीळ अशा सूक्ष्म, गाळणीतूनही निसटणाऱ्या कारणाने होते, हे इटलीच्या चुफो या डॉक्टरांनी 1907 साली स्वतःच्या अंगावर प्रयोग करून दाखवले. लागण झाल्यापासून गाठ दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात. त्यामुळे ती कुठे लागली हे सहसा सांगता येत नाही. कोणाची नजर किंवा करणी शोधत बसू नये.

आपण तळपायाच्या प्रत्येक कठीण गाठीला 'कुरूप' म्हणतो. पण कुरूप दाबाने, घासण्याने होते आणि ते कोणाला लागत नाही. चामखीळ लागते. ओळखायची खूण अशी : कुरूप वरून दाबले की दुखते, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. तळव्याच्या रेषा चामखिळीपाशी तुटतात आणि तिच्यात काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळे समजून ब्लेडने कोरतात. ती मुळे नव्हेत, गोठलेल्या रक्ताच्या केशवाहिन्या आहेत. कोरल्याने रक्त येते आणि विषाणू आणखी पसरतो.

सर्वांत वाईट म्हणजे बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारे तेल गाठीवर सोडायचे. त्याने चांगली कातडी जळते, फोड येतात, जखम चिघळते. गाठीने आठ दिवस लंगडणारा माणूस बिब्ब्याने महिनाभर घरी बसतो आणि ऐन हंगामाची मजुरी जाते.

मग करायचे काय? लहान मुलांच्या बहुतेक चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो. नवसाला यश येते ते यामुळेच. जाणारी गाठ गेली, मान मिळाला देवाला! दुखत नसेल तर थांबणे हाही उपचार आहे. दुखत असेल तर मेडिकलमध्ये सॅलिसिलिक ॲसिडचे औषध मिळते. पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावा, मऊ कातडी हलकेच घासावी आणि फक्त गाठीवर औषध लावावे. असे रोज, तीन महिन्यांपर्यंत. घासायचा दगड दुसऱ्याने वापरू नये.

शहरात द्रवरूप नायट्रोजनने गाठ गोठवतात. तो उपचार महागडा म्हणून जास्त गुणकारी असेलच असे नाही. ब्रिटन व आयर्लंडमध्ये 240 रुग्णांवर केलेली तुलना 2011 साली प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी गोठवलेल्यांत आणि ॲसिड लावलेल्यांत सारखेच, सुमारे 14 टक्के लोक पूर्ण बरे झाले होते. म्हणजे खात्रीचा उपाय कुठलाच नाही. "एका दिवसात मुळासकट काढतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नव्हे. म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. मधुमेह असेल, पायाला बधिरता असेल, तर घरी ॲसिडही लावू नका. बधिर पायाला जळलेले कळत नाही. बधिरता कुष्ठरोगाचीही असू शकते आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळते. गाठ वाढत असेल, सारखे रक्त येत असेल, तरीही पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ससूनला दाखवावे.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी न्हाणीघरात स्वतःची स्लीपर घालावी, टॉवेल आणि मोजे एकमेकांचे वापरू नयेत. खाचरातून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. विहारात आपण पादत्राणे बाहेर काढतो. ज्याला चामखीळ आहे त्याने गाठीवर चिकटपट्टी लावून यावे. आणि त्याला कोणी दाराबाहेर बसवू नये.

नमो बुद्धाय. जय भीम.