बोचकं नको, पिशव्या करा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं हे बोलणं. दसऱ्याच्या आधी सगळ्या गटांत वाचून दाखवावं.)



मला सांगितलं, ताई, पाच-दहा मिनिटं बोला. कशावर बोलू? म्हटलं, जे येतं त्यावर बोलते. मला सामान बांधता येतं. आता हसू नका. बारा हंगाम कोयत्यावर गेले. दर साली घर उचलायचं आणि सहा महिन्यांनी परत आणायचं. आता दसरा जवळ आला. कारखान्यांची धुराडी पेटतील, गाड्या येऊन उभ्या राहतील. म्हणून आजच बोललेलं बरं.

आपण सामान कसं बांधतो? एक मोठी चादर अंथरायची, कपडे, कागद, गोळ्या, लेकरांची दप्तरं सगळं त्यात टाकायचं आणि चार टोकांची गाठ मारायची. झालं बोचकं. बांधायला सोपं. पण एक गोष्ट काढायची म्हटली की सगळं बोचकं सोडावं लागतं. रात्री बारा वाजता, उघड्या रानात, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात रडतं लेकरू. हे ज्यांनी भोगलंय त्यांना मी काय सांगायचं?

माझं सांगते. एका साली आमची हिशोबाची वही अशीच बोचक्यात होती. उचल किती घेतली, खर्ची किती मिळाली, खेपा किती, टन किती, सगळं मी लिहून ठेवायची. चौथी शिकलेय, पण आकडे चुकत नाही. फेब्रुवारीत अवकाळी आला. कोपीत पाणी शिरलं. आम्ही आधी लेकरं उचलली, मग पीठ उचललं. बोचकं राहिलं पाण्यात. सकाळी वही उघडली तर नुसती निळी शाई पसरलेली. हंगाम संपला, हिशोबाला बसलो. मुकादम म्हणाले, अठरा हजार फिरले. आमच्या मते एवढे फिरत नव्हते. ते म्हणाले, तुमची वही दाखवा. काय दाखवू? त्या अठरा हजारांपायी पुढच्या साली परत त्याच टोळीत जावं लागलं. आमचं खरं होतं का त्यांचं, हे मला आजही सांगता येणार नाही. कागदच नव्हता, तर भांडणार कशावर?

त्याच बोचक्यात धाकट्याचं लसीचं कार्ड होतं. तेही गेलं. तिथल्या नर्सबाई विचारतात, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची दिली का? मला नक्की आठवेना. एवढ्याशा कार्डापायी माझं लेकरू ताटकळलं.

त्या उन्हाळ्यात मी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या. परवा माझ्या भाचीनं मोबाईलमध्ये दाखवलं, शहरात अशा चौकोनी पिशव्या विकत मिळतात. पॅकिंग क्यूब म्हणतात त्यांना. बॅगेत बॅगा. म्हटलं, अगं, ही तर माझीच पिशवी, फक्त तिला चेन लावलीय!

शिवायची कशी ते ऐका. सुती साडी घ्या. ३४ इंच लांब आणि १८ इंच रुंद तुकडा कापा. कापड दुहेरी घ्या, म्हणजे ओझ्यानं उसवत नाही. मधून दुमडून दोन्ही बाजू शिवा. वर नाडीसाठी दीड-दोन इंच नेफा सोडा. झाली पिशवी, साधारण १५ इंच खोल. फाटका भाग सोडला तरी एका साडीत चार-पाच निघतात. चेन लावू नका, चेन बिघडली की पिशवी बाद. नाडी तुटली तर दुसरी ओवता येते. प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवा. लेकराला वाचता येत नसलं तरी लाल पिशवी माझी, हे कळतं.

आता कशात काय भरायचं.

पहिली पिशवी कागदांची. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, माता-बाल कार्ड, लेकरांचे शाळेचे कागद आणि हिशोबाची वही. आधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग पिशवीत घाला. ही पिशवी गाडीत सामानात टाकायची नाही, आपल्या अंगाजवळ ठेवायची. निघायच्या आधी प्रत्येक कागदाचा मोबाईलमध्ये फोटो काढा आणि एक झेरॉक्स घरी सासूबाईंजवळ ठेवा. आता रेशन दुसऱ्या गावच्या दुकानातही आधारवर मिळतं, लसही कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण नंबर आणि कार्ड हाताशी असेल तर काम लवकर होतं.

दुसरी औषधांची. आशाताईंकडून ओआरएसच्या पुड्या आणि तापाच्या गोळ्या मागून घ्या, कुणाला किती द्यायची ते विचारून घ्या. कुणी पोटुशी असेल तर तिच्या लोहाच्या गोळ्या यातच. ही पिशवी उंच टांगा, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.

तिसरी पहिल्या रात्रीची. बॅटरी, काडेपेटी, भाकरी-चटणी, एक पातेलं, दोरी आणि लेकराची चादर. पोचल्यावर ही एकच पिशवी सोडायची. बाकीचं सकाळी उजेडात.

मग माणशी एक कपड्यांची. कपड्यांची घडी घालण्यापेक्षा गुंडाळी करून उभी लावा, जागा कमी लागते आणि वरून सगळं दिसतं. आपल्या पाळीच्या कापडांची किंवा पॅडची छोटी पिशवी वेगळी ठेवा. त्यात लाजायचं काही नाही.

या सगळ्या पिशव्या एका धुतलेल्या खताच्या गोणीत घाला. फवारणीच्या औषधाचं किंवा बियाण्याचं पोतं मात्र घेऊ नका, त्याला विष लागलेलं असतं. कोयते पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून वेगळे बांधा. गाडीत खाली ज्वारी-बाजरी, त्यावर भांडी, सगळ्यात वर ही गोणी.

एक पिशवी मात्र सोबत न्यायची नाही. जे लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणार, त्याची. आपण निघायच्या गडबडीत त्याचे कपडे कुठंतरी कोपऱ्यात राहतात. माझी थोरली एकदा म्हणाली होती, आई, सगळ्यांचं बांधलंस, माझं नाही बांधलंस. तेव्हापासून तिची पिशवी मी सगळ्यात आधी भरायची. ती गावातच राहणार असली तरी.

पुढचंही सांगते. नंतरच्या साली हिशोबाला बसलो तेव्हा माझी वही कोरडी होती. दोन खर्च्या दोनदा लिहिलेल्या निघाल्या. मी तारखा वाचून दाखवल्या. मुकादमांनी स्वतःच खोडल्या. आवाज चढवावा लागला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुनी साडी आणायची. ज्या गटात मशीन आहे तिथं बसू. दोऱ्याचा आणि नाडीचा खर्च गटातून करू, तसा ठराव लिहून घ्या. ज्या बाया कोयत्याला जात नाहीत त्यांनी कापायला, शिवायला मदत करावी, वारीला नाहीतर बाळंतपणाला जाताना त्यांनाही उपयोगी पडतील. विकायचं नंतर बघू, आधी आपल्या घरच्या शिवू.

आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी वही गटातल्या सचिवाकडून आखून घ्या. खेप झाली की एक रेघ मारा. रेघ तरी मारता येते ना? मग झालं.

बसते मी. नमस्कार.