माजघरातील चित्रे

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या घरांच्या सोप्यात रविवर्म्याच्या छापील तसबिरी मोठ्या हौसेने लावलेल्या असत. शकुंतला कमलपत्रावर पत्र लिहीत आहे, दमयंती हंसाचे बोलणे ऐकत आहे, मोहिनी झोक्यावर बसली आहे. त्यांच्याखालून दिवसातून पन्नास वेळा ये-जा करणारी घरची गृहिणी मात्र त्या चौकटींत नव्हती. तिची वेणीफणी, तिचे न्हाणे, लेकरू मांडीवर घेऊन घटकाभर टेकणे, यांत पाहण्याजोगे काही आहे, असे त्या तसबिरी सांगत नसत.

रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याच्या तीन वर्षे आधी, १८९१ साली, पॅरिसमध्ये मेरी कॅसट या चित्रकर्त्रीने दहा रंगीत मुद्राचित्रांची एक मालिका लोकांपुढे मांडली. कॅसट जन्माने अमेरिकन. पण तिची कर्मभूमी फ्रान्स. तेथील सरकारी कलाशाळेचे दरवाजे स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होते. त्याच शाळेच्या दालनात १८९० साली जपानी ठशांचे प्रदर्शन भरले. उतामारोने रेखाटलेल्या जपानी घरातल्या स्त्रिया तिने तेथे पाहिल्या आणि ती आपल्या कामाला लागली.

तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघ काढावयाची, अम्लाने पत्रा खाववून सपाट छटा आणावयाची, आणि प्रत्येक प्रतीसाठी पत्र्यांवर हाताने रंग भरावयाचा, असे हे कष्टाचे काम. प्रत्येक चित्राच्या प्रती अवघ्या पंचवीस. एका चित्रात स्त्री पाकिटाची कड ओठांनी ओली करीत आहे. दुसऱ्यात पाठमोरी, वाकून तोंड धुत आहे. तिसऱ्यात शिंपीण खाली बसून तिच्या झग्याची कड ठीक करीत आहे. यांपैकी कोणीही पाहणाऱ्यासाठी सजून बसलेली नाही. पुढे १८९६ साली तुलूझ-लोत्रेकनेही वेश्यागृहातील स्त्रियांचे नित्याचे जीवन सहानुभूतीने शिळाछापात उतरविले. पण तो तेथे पाहुणा होता. कॅसट आपल्याच जगात बसून पाहत होती.

मग आपल्या माजघरातील स्त्रीने स्वतःचे चित्र काढलेच नाही काय? काढले; पण ते कागदावर नव्हे, जात्यावर. पहाटेच्या अंधारात, पुरुषमंडळी निजलेली असताना, माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराचे कौतुक आणि भावाची वाट तिने ओवीत मांडली. सीमेवरच्या या मुलखात मराठी जात्याच्या शेजारीच कानडी जातेही गात होते. विजापूर जिल्ह्यातील हलसंगीच्या मंडळींनी अशी कानडी गीते जमवून १९३१ साली ‘गरतिय हाडु’ या नावाने प्रसिद्ध केली. ‘गरती’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, आणि तिचे दुःखही एकच. मराठी ओव्यांचे मोठे संकलन पुण्यास हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हाँ यांनी केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत.

पिठाची गिरणी आली आणि बाईच्या हाताचे कष्ट वाचले. ते इष्टच झाले. पण जात्याबरोबर गाणेही थांबले. कॅसटचे पत्रे झिजले तरी त्यांचे ठसे संग्रहालयांत सुरक्षित आहेत. ओवीचा ठसा मात्र एखाद्या वृद्धेच्या स्मरणातच असतो. घरात अशी आजी असेल, तर तिच्यापाशी वही घेऊन बसावे. सोप्यातील तसबीर पुन्हा विकत मिळेल. माजघरातील हे चित्र तिच्यामागे मिळणार नाही.