नमुना किती वाजताचा?

माझा विषय ऐकून संयोजकांनी मला जेवणाच्या बऱ्याच आधीची वेळ दिली, त्याबद्दल त्यांचे आभार! विषय आहे लघवीची तपासणी. हसू नका. आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. ती छोटी बाटली प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी आलेलीच आहे.

आठवीत बाईंनी आपल्याला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. मी पुस्तकातली आकृती सुबक उतरवून दिली. बाईंनी वही परत केली. म्हणाल्या, "पुस्तकातलं नको. तुला जे दिसलं ते काढ." तेव्हा मला फार राग आला होता.

पुढे मी इंजिनिअर झाले. आज आमची टीम लघवीतल्या साक्याचे फोटो ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिते. साका म्हणजे तळाला बसणारा गाळ. दहा-बारा मिलिलिटर लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायची, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तळाच्या अर्ध्या मिलिलिटरमधला एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा. आधी 10चं भिंग, मग 40चं. त्यात लाल पेशी, पांढऱ्या पेशी, पाकिटासारखे दिसणारे ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात. कधीकधी कास्टही दिसतात. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत प्रथिन गोठतं आणि नलिकेच्याच आकाराचा साचा होऊन बाहेर पडतं, तो कास्ट. त्यात लाल पेशी अडकलेल्या असल्या, तर रक्त मूत्राशयातून नव्हे, मूत्रपिंडातूनच येतंय असं समजतात.

हे सगळं मला पाठ होतं. तरी चार वर्षांपूर्वी काय झालं ते सांगते. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. घसा दुखून बरा झाल्याला दोन आठवडे झाले होते. एका सकाळी त्याचा चेहरा सुजलेला, लघवी गडद. सात वाजता नमुना घेतला, पण मीटिंग होती. बाटली दुपारपर्यंत गाडीतच राहिली. रिपोर्टमध्ये पट्टीच्या चाचणीत रक्त दिसत होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी फक्त 1-2. मी मला हवा तो आकडा वाचला आणि निश्चिंत झाले.

आमच्या डॉक्टरांना मात्र ते पटलं नाही. त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथल्या तंत्रज्ञ काकांनी जुना रिपोर्ट पाहिला आणि एकच विचारलं, "मॅडम, नमुना किती वाजताचा होता?" माझी मान खाली गेली. ठेवलेल्या लघवीत पेशी फुटतात, कास्ट विरघळतात. फुटलेल्या पेशींतला लाल रंग पट्टीला कळतो. भिंगाखाली दाखवायला पेशी उरलेली नसते.

काकांनी ताजा नमुना घेतला. "उजेड जास्त असला की कास्ट नजरेतून सुटतात," म्हणत उजेड कमी केला आणि काचपट्टीच्या कडा शांतपणे बघत राहिले. मग मला बोलावलं. लाल पेशींनी भरलेली एक छोटी विटकरी सुरळी. असे शेकडो फोटो मी स्क्रीनवर पाहिले होते. हा माझ्या मुलाचा होता.

घशाच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला आलेली ती सूज होती. रक्तदाबही वाढला होता. काही दिवस दवाखान्यात, मीठ-पाणी मोजून. या आजारातून बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, आमचाही झाला. आत्ता तो मागच्या मैदानावर क्रिकेट खेळतोय.

कामावर परतल्यावर मी आमचा प्रोग्रॅम उघडला. नमुन्याची वेळ लिहायचा रकाना त्यात होता, पण तो रिकामा सोडता येत होता. आता सोडता येत नाही. दोन तास उलटले की सूचना येते. आणि यीस्ट की लाल पेशी, अशी शंका आली की फोटो तंत्रज्ञांकडे जातो. प्रोग्रॅमचा अंदाज आम्ही त्यांना आधी दाखवत नाही. त्यांना जे दिसेल ते त्यांनी आधी लिहायचं.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. ही सुधारणा तुमचीच आहे, उशिरा समजली एवढंच.

मित्रांनो, एवढंच करा: सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली घ्या, बाटलीवर वेळ लिहा, दोन तासांच्या आत पोहोचवा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. आणि रिपोर्टमधले दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर सोयीचा निवडू नका, विचारा.

आता खुशाल जेवायला चला.